काळ्या झग्यातल्या बाईचा शोध

"प्रेम पाहिजे," हेर्मानिया मॅडम म्हणाल्या. "बारा मिनिटं. शुक्रवारच्या आत."

वॉशिंग्टन किमी ऊर्फ वॉशो खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसला. रिबेरा वाहिनीचा जुना संग्रह त्याच्या ताब्यात आल्यापासून लोकांनी त्याच्याकडे महापूर मागितले होते, सौंदर्यस्पर्धा मागितल्या होत्या, एकदा एका बाईंनी स्वतःच्या मोडलेल्या लग्नाचं चित्रीकरण पुरावा म्हणून मागितलं होतं. प्रेम कुणी मागितलं नव्हतं.

"कुणाचं, मॅडम?"

"लोकांचं. थोरल्या साहेबांवरचं."

थोरले साहेब म्हणजे बेलिसारियो आविलेस. सांता ब्रिखिदा शहरातली ही वाहिनी त्यांची, शहरातल्या बसगाड्या त्यांच्या, आणि त्या गाड्यांत घामाघूम होणाऱ्या माणसांना गार करणारा बर्फाचा कारखानाही त्यांचाच. शुक्रवारी त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. नगर नाट्यगृहात समारंभ होता, महापौर यायचे होते आणि 'शहराचा लाडका' या नावाचा माहितीपट दाखवायचा होता. नाव ठरलं होतं, पत्रिका छापून झाल्या होत्या. फक्त लाड सापडायचे राहिले होते.

"आणि फिती कापणं नको हं, वॉशो," मॅडम म्हणाल्या. "पंचाहत्तरीला तुम्ही सगळ्या फितीच दिल्यात. बघणाऱ्याला वाटलं, एखाद्या शिंप्याचा सत्कार चाललाय. मला रडणारी माणसं हवीत. मिठ्या मारणारी. साहेबांना खांद्यावर घेऊन नाचणारी."

"आपल्याकडे आहेत का अशी?"

"ते तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?"

एवढ्यात दोन माणसं आत आली आणि कुणाला काही न विचारता खिडकीखालची भिंत मोजू लागली.

"हे कोण?"

"सुतार. तुमच्या या हॉलमध्ये पाककृतीच्या कार्यक्रमाचा ओटा बसवायचाय. खिडकी आहे, वाफ जायला बरी." मॅडमनी आवाज जरा मऊ केला. "हे बघा, माहितीपट साहेबांना आवडला, तर ओटा वरच्या मजल्यावर. नाही आवडला, तर टेपा नदीकाठच्या गोदामात आणि तुम्ही घरी."

"गोदामात भरतीचं पाणी शिरतं, मॅडम."

"तुमच्या घरी शिरत नाही ना? मग झालं."

मॅडम गेल्या. सुतार मात्र मोजत राहिले. त्यातल्या एकाने वॉशोच्या टेबलावर पेन्सिलीने फुली मारली आणि दुसऱ्याला सांगितलं, "इथं मोरी."

वॉशोचा त्या हॉलवर जीव होता. दुपारी दोन मांडण्यांच्या मधे जी झोप लागायची, ती त्याला घरच्या पलंगावर कधी लागली नव्हती. शिवाय त्यातल्या एका टेपवर त्याची आई होती. मासळीबाजार जळाला तेव्हाची बातमी; पुढे मंत्री दुःख व्यक्त करताहेत आणि त्यांच्या खांद्यामागे आई एका कोळ्याशी भाजलेल्या मासळीचा भाव कमी कर म्हणून भांडते आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वर्षातून एकदा वॉशो ती टेप लावायचा. ती कुठल्या खोक्यात आहे हे मात्र त्याला दर वर्षी नव्याने शोधावं लागे, कारण खोक्यांवरच्या चिठ्ठ्या त्याने स्वतःच लिहिल्या होत्या. 'संकीर्ण'. 'संकीर्ण, आणखी'. 'महत्त्वाचं संकीर्ण'. आणि कोपऱ्यातलं एक, त्याच्या आधीच्या प्रमुखाने दोरीने करकचून बांधलेलं, 'संकीर्ण, उघडू नये'. वॉशोने ते कधी उघडलं नव्हतं. शिस्तीपेक्षा आळस जास्त विश्वासू असतो.

आता आशा होती ती नव्या मशीनवर. मशीन आणलं होतं क्लेव्हरने. क्लेव्हर हा हेर्मानिया मॅडमचा भाचा. आईबाप पोटासाठी स्पेनला गेले तेव्हा हा कडेवर होता. वाढला तिकडेच, मुर्सियात, आणि आता मायदेशाला पुढे न्यायचं म्हणून परत आला होता. मायदेशाने अजून जागचं हलायची तयारी दाखवली नव्हती, पण मावशीच्या कार्यालयापासून सुरुवात झाली होती. सगळा उन्हाळा खपून त्याने संग्रहातली एकूण एक टेप, फोटो, कात्रण आणि आवाजाची फीत मशीनच्या पोटात घातली होती. बांधलेल्या खोक्याची दोरीसुद्धा त्यानेच कापली.

"वॉशोकाका, कुणाच्या बारशाच्या जेवणाला गेलायत ना?" क्लेव्हरने समजावून सांगायला घेतलं.

"जेवणाला मी सगळीकडे जातो."

"तिथं कोण कुठं बसायचं हे कुणी सांगतं का? नाही. तरी पिणारे सगळे अंगणात बर्फाच्या पेटीजवळ जमतात, नावं ठेवणाऱ्या मावश्या स्वयंपाकघराच्या दारात, आणि लग्नाच्या पोरींच्या आया गावात नव्या आलेल्या डॉक्टरच्या आजूबाजूला. बरोबर? मशीन तेच करतं. फोटो असो, आवाज असो, टेप असो, कात्रण असो, प्रत्येकाची एक आकड्यांची लांबलचक माळ बनवतं. ज्यांचा अर्थ जवळचा, त्यांच्या माळा जवळच्या. मग रडण्याचा फोटो आणि रडण्याचा आवाज आपोआप एका बाकावर येऊन बसतात. तुम्ही नुसतं वाक्य लिहायचं."

"आणि कुणी खोटं रडत असलं तर?"

"रडणं ते रडणं, काका. आत काय चाललंय ते मशीनला काय कळणार?"

"म्हणजे माझ्या मेहुणीसारखंच."

वॉशोने दोन बोटांनी टाइप केलं, 'लोकांचं बेलिसारियो साहेबांवरचं प्रेम'. मशीनने बराच वेळ विचार केला आणि रिकाम्या बसथांब्याचा एक फोटो दिला.

"वाक्यात जरा जीव ओता," क्लेव्हर म्हणाला.

वॉशोला मॅडमचे शब्द आठवले. त्याने लिहिलं, 'बायका बेलिसारियो साहेबांसाठी धाय मोकलून रडताहेत, पुरुष त्यांना खांद्यावर घेऊन चाललेत, सगळा गाव रस्त्यावर आलाय.' आणि पडदा भरून वाहू लागला. पांढऱ्या सुटातले, हॅट घातलेले साहेब गर्दीच्या खांद्यावर. साहेब खुर्चीत आणि गळ्यात फुलांच्या माळा. काळ्या झग्यातल्या, तोंडावर जाळी घेतलेल्या बायका साहेबांच्या पायांशी छाती पिटताहेत. एक आवाज भरल्या कंठाने गर्दीला काहीतरी सांगतो आहे. वर्षंच्या वर्षं, गल्ल्यांमागून गल्ल्या, सगळं शहर साहेबांवरून ओवाळून टाकलेलं.

"घ्या!" क्लेव्हर म्हणाला. "आणि तुम्ही म्हणे प्रेम नाही. आता याचा माहितीपट मशीनच जोडून देईल. तुम्ही जेवून या."

वॉशो कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन मासळीचं कांदा घातलेलं कालवण प्यायला, वर केळ्याचे तळलेले काप खाल्ले, आणि कितीतरी दिवसांनी त्याला जेवण अंगी लागल्यासारखं वाटलं. परत आला तेव्हा बारा मिनिटांचं प्रेम तयार होतं. तो बघायला बसला आणि पहिल्याच मिनिटात कांद्याचा एक तुकडा त्याच्या घशात उलटा फिरला.

ते साहेब नव्हतेच. तो पुतळा होता.

सांता ब्रिखिदात एकतीस डिसेंबरला प्रत्येक गल्ली आपलं जुनं वर्ष जाळते. जुने कपडे, भुसा आणि कागदाचा लगदा यांचा माणूस करायचा, त्याला त्या वर्षी ज्याने सगळ्यात जास्त पिडलं त्याचा चेहरा द्यायचा आणि दारात खुर्चीवर बसवायचा. गल्लीतले तरणे पोरगे काळे झगे घालून, ओठ रंगवून त्याच्या विधवा होतात आणि येणारी-जाणारी वाहनं अडवून, गळे काढून, "म्हातारा गेला हो, चार पैसे टाका" म्हणून भीक मागतात. कुणी तरी म्हाताऱ्याचं मृत्युपत्र वाचतं. मग मध्यरात्री त्याला काडी लावायची. साहेबांनी बसचं भाडं वाढवलं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना काडी लागली नाही असंही वर्ष गेलं नव्हतं. वाहिनीचे लोक दर वर्षी हे चित्रीकरण इमानाने करायचे, ते न दाखवण्याची खबरदारी घ्यायचे आणि टेप त्या बांधलेल्या खोक्याच्या फटीतून आत सरकवायचे. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. नाताळ झाला की ते सालिनासच्या समुद्रकिनारी जायचे आणि सगळं विझल्यावर परतायचे.

"क्लेव्हर, हे कुणी जोडलं?"

"सांगितलं ना, मशीनने. हा शेवट बघा काय साधलाय! सूर्यास्ताचा सोनेरी प्रकाश कसा पडलाय साहेबांच्या चेहऱ्यावर."

"तो सूर्यास्त नाही, बाळा. रॉकेल आहे."

क्लेव्हरला सगळं सांगून झाल्यावर त्याने मशीनवरचे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाला, "पण काका, मशीनचं म्हणणं, हा पुतळा नव्व्याण्णव टक्के साहेबांसारखा आहे. साहेबांचा आजचा फोटो घातला तर एक्याऐंशी टक्केच येतात."

मॅडमसमोर वॉशो उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात राजीनामा नव्हता एवढंच. मॅडमनी माहितीपट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्या याच शहरात वाढल्या होत्या. पहिल्या विधवेला पाहताच त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पण पुन्हा उघडलेही.

"वॉशो, साहेबांसाठी माणसं रडताहेत असं दुसरं काही आहे आपल्याकडे?"

"नाही, मॅडम."

"हसताहेत?"

"हसताहेत असं भरपूर आहे. पण ते त्यांच्यासमोर नाही."

"शुक्रवार परवा आहे." मॅडम पेनाने टेबलावर ठोकत राहिल्या. "काडी दिसते का कुठं?"

"नाही. मशीनने ती काढून टाकलीय. अर्थात बसत नव्हती म्हणे."

"विधवांच्या मिशा?"

"जाळीमागे आहेत."

"आणि हा आवाज? 'माझ्या लाडक्या सांता ब्रिखिदाकरांनो, माझ्या बसगाड्या मी तुम्हाला ठेवून जातो.' हे काय?"

"मृत्युपत्र आहे, मॅडम. पुढे 'ढकलायला' असा शब्द होता. तो मशीनने गाळला."

"मशीनला समज आहे," मॅडम म्हणाल्या. "माहितीपट हाच जाईल. आणि हे बघा, तुम्हाला काही माहीत नाही, मला काही माहीत नाही. जे काय माहीत आहे ते मशीनला."

शुक्रवारी नाट्यगृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत थोरले साहेब, त्यांच्या डावीकडे पत्नी पिएदादबाई, उजवीकडे महापौर होल्गेर पिंकाय. महापौरांची निवडणूक तोंडावर आली होती आणि रिबेरा वाहिनीखेरीज ती जिंकता येत नाही हे त्यांना पाठ होतं; म्हणून ते साहेबांच्या खुर्चीच्या हातावर स्वतःचा हात ठेवून बसले होते. वॉशो बाजूच्या दाराला चिकटून उभा होता. पळायला ते दार बरं होतं.

दिवे गेले आणि पडद्यावर विधवा आल्या.

सभागृहाला काय चाललंय ते कळायला एक श्वास पुरला. त्या गल्ल्या त्यांच्या होत्या, ते पुतळे त्यांनी केले होते, दोन-तीन विधवा तर तिथेच, टाय लावून बसल्या होत्या. सातव्या रांगेतला औषधवाला स्वतःला ओळखून खुर्चीत निम्मा खाली सरकला. पण हसायची कुणाची छाती होती? मालक पहिल्या रांगेत. लोकांनी रुमाल काढले आणि तोंडात कोंबले. खांदे गदगदू लागले. कुणाच्या नाकातून सूर निघाला, कुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिसऱ्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांना तर दोघांनी धरून बाहेर नेलं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. सगळं सभागृह रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होतं.

साहेबांनी पत्नीचा हात धरला. "पिएदाद," ते म्हणाले, "बघतेस ना?"

"बघतेय बाई," पिएदादबाई म्हणाल्या. "तुमच्यामागे मला एवढं जमायचं नाही."

पडद्यावर आता ती आली. बाकीच्या विधवा रडत होत्या; ही मात्र रडण्याचं सोनं करत होती. पुतळ्याच्या गळ्यात पडून, आभाळाकडे हात नेऊन, "आय, माझ्या म्हाताऱ्या! मला कुणाच्या भरवशावर टाकून चाललास!" म्हणत तिने असा टाहो फोडला, की तिच्यामागचं कुत्रंसुद्धा रडायला लागलं. मग रॉकेलचा सूर्यास्त झाला आणि दिवे लागले.

टाळ्या थांबेनात. इतका वेळ कोंडलेलं हसू लोकांनी टाळ्यांत काढलं. साहेब काठीवर भार देऊन उभे राहिले. त्यांच्या गालांवरून खरं पाणी ओघळत होतं. त्या सबंध नाट्यगृहात खरं रडणारा तेवढा एकच माणूस होता.

"मला वाटायचं," साहेब म्हणाले, "लोक मला शिव्या घालतात."

"छे, छे!" महापौर म्हणाले.

"बसगाड्या तुम्हाला ठेवून जातो असं मी कधी म्हणालो, ते आठवत नाही…"

"भावनेच्या भरात, साहेब," मॅडम पटकन म्हणाल्या.

"असेल. पण ती बाई. ती काळ्या झग्यातली. इतकं कुणी कुणासाठी रडतं? मला तिला भेटायचंय. आत्ता. रात्रीच्या जेवणाला ती माझ्या शेजारी बसेल. कोण आहे ती?"

सभागृहातले सगळे चेहरे जमिनीकडे गेले. मॅडमनी पाण्याचा घोट घेतला आणि तो गिळायला विसरल्या. आणि नेमका त्या क्षणी क्लेव्हर रंगमंचाच्या कोपऱ्यातून पुढे आला. आपल्या मशीनचं एवढं कौतुक त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"सांगतो की साहेब! एका मिनिटात. तिचा चेहरा मशीनला दाखवायचा, मग ते सगळे फोटो धुंडाळून तिच्या सगळ्यात जवळचा चेहरा काढून देतं."

"क्लेव्हर," मॅडम दातांतून म्हणाल्या, "बस खाली."

"एकच मिनिट, मावशी."

"ऑफिसच्या कामात मावशी म्हणायचं नाही!"

वॉशो वायरीकडे धावला. पण रंगमंचामागे वायरी पुष्कळ होत्या आणि त्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. त्याने एक उपटली, तसा बाहेरचा पंखा बंद पडला. तोवर पडद्यावर विधवेचा चेहरा मोठा झाला. जाळीमागचे रंगवलेले ओठ, आणि जाळीच्या बाहेर आलेले, शिडासारखे दोन भरदार कान. मशीन घुटमळलंही नाही. त्या चेहऱ्याशेजारी त्याने सगळ्यात जवळचा चेहरा आणून ठेवला.

छातीवर महापौरपदाचा पट्टा लावून शपथ घेणारे महापौर होल्गेर पिंकाय.

दुसरा जवळचा, कोनशिला बसवणारे महापौर. तिसरा, पूरग्रस्तांना चादरी वाटणारे महापौर. चौथा, कॉलेजातला विद्यार्थी नेता पिंकाय, बसभाड्याविरुद्धच्या मोर्चात. मशीनने रांगच लावली. चारही चित्रांत कान तेच होते.

नाट्यगृहातल्या सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. महापौरांचा हात साहेबांच्या खुर्चीवरून हळूहळू आपल्या मांडीवर आला. त्यांनी आपले कान झाकायची सुरुवात केली होती, पण अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. महापौरांकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. आणि मग ते हसायला लागले.

"अरे पोरा," ते क्लेव्हरला म्हणाले, "मशीन बिघडलं तुझं! बाई विचारली तर महापौर दाखवतंय!"

सगळं नाट्यगृह फुटलं. इतका वेळ अडलेलं, दाबलेलं, रुमालात बांधलेलं सगळं हसू एकदाचं बाहेर पडलं. सगळ्यांत मोठ्याने महापौर हसले. त्यांचं हसणं जरा वेळ चालू राहिलं, बाकीच्यांचं थांबल्यावरही.

"पण साहेब, सत्त्याण्णव टक्के आहे!" क्लेव्हर तांबडा झाला होता. "चूक होणारच नाही!"

"सत्त्याण्णव ना?" महापौर उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. तो हात जरा जोरात पडला. "म्हणजे तीन राहिले की नाही? ती बाई त्या तिनांत आहे बघ."

हा हिशेब सभागृहाला पटला. बारा मिनिटं मशीन धादांत खोटं दाखवत होतं, तेव्हा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. एकदा खरं बोललं, तर बिघडलं ठरलं.

"मशीनचं काम नाही हे," साहेब म्हणाले. "माणसाला माणूसच शोधणार. आपल्या संग्रहावर कोण आहे रे?"

वॉशो उपटलेली वायर हातात घेऊन पुढे आला.

"तू त्या बाईला शोधायचं. किती का वेळ लागेना. लागतील ती माणसं घे. आणि हेर्मानिया, ती सापडेपर्यंत त्या हॉलमधली एक टेप इकडची तिकडे होता कामा नये. एक खिळा ठोकायचा नाही."

"पण साहेब, ओटा…"

"कसला ओटा?"

"काही नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "सहज आपलं."

जेवणाच्या वेळी मक्याच्या पानात उकडलेल्या हुमितांच्या टेबलाशी महापौर वॉशोच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि समोर बघत, ओठ न हलवता बोलू लागले. निवडून आलेल्या माणसांना ते जमतं.

"किमी, कधी सापडेल ती बाई?"

"आपली मुदत किती राहिलीय, साहेब?"

"ही थोडीच. पण पुढची सगळी."

"मग तोवर तरी सापडायची लक्षणं नाहीत," वॉशो म्हणाला. "फारच अवघड काम आहे. मला वाटतं, मी निवृत्त होईपर्यंत पुरेल."

महापौरांनी स्वतःच्या ताटातली एक हुमिता उचलून त्याच्या ताटात ठेवली.

अशा रीतीने वॉशोची नोकरी पक्की झाली. जे काम पुरं करायचं नाही त्याच्याइतकं टिकाऊ काम जगात नसतं, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वाहिनीच्या अहवालात नोंद झाली, की नव्या यंत्राचे सर्व निकाल समाधानकारक असून केवळ एका महिलेच्या बाबतीत दोष आढळला. वॉशो दर सोमवारी विधवेचा चेहरा मशीनला दाखवायचा, मशीन दर सोमवारी महापौर दाखवायचं, आणि वॉशो वर कळवायचा, "शोध चालू आहे." मग तो मशीनला 'मासळीबाजार, आग, भांडणारी बाई' असं सांगायचा आणि आई लगेच यायची. आता तिला वर्षभर थांबावं लागत नव्हतं.

डिसेंबर लागला आणि थोरल्या साहेबांचा निरोप आला. माहितीपटातली गर्दी एकतीस डिसेंबरची आणि खांद्यावरची मूर्ती आपली, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं; काडीचं सांगितलं नव्हतं. यंदा ते सालिनासला जाणार नव्हते. एकतीस तारखेला आपल्या घराच्या गच्चीत बसणार होते. शहर आपल्यासाठी रस्त्यावर येतं, रडतं, आणि आपण इतकी वर्षं समुद्रावर चिंबोऱ्या खात बसलो, याची त्यांना लाज वाटत होती. शिवाय त्यांना खात्री होती, की ती बाई येणार. प्रेम करणारी माणसं अशा दिवशी घरी बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वॉशोच्या झोपेच्या वेळेला, संग्रहाच्या मागच्या दाराने महापौर आत आले. बरोबर कुणी नव्हतं. काखेत एक पुडकं होतं. त्यातून काळ्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं.

"दार लाव," ते म्हणाले. "आणि ती टेप लाव."

त्यांनी ती टेप तीनदा पाहिली. मग कोट काढून खुर्चीवर टाकला, घसा खाकरला आणि एका मांडणीच्या गळ्यात पडले. "आय, माझ्या म्हाताऱ्या…"

"नाही, साहेब," वॉशो म्हणाला. "तेव्हा 'आय' लांब होती. बेंबीपासून."

"वय झालं रे. तेव्हा साहेबांचा राग होता, आपोआप यायचं. आता त्यांची गरज आहे, तर येत नाही."

"पुन्हा एकदा. हात वर. कुत्रं रडलं पाहिजे."

महापौरांनी डोळे मिटले, पाय रोवले आणि असा टाहो फोडला की मांडणीवरच्या खोक्यांची धूळ खाली आली. "मला कुणाच्या भरवशावर टाकून चाललास!" खिडकीबाहेर खरोखरच एक कुत्रं विव्हळलं. वॉशोने टाळी वाजवली. आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या पडद्यावर उजेड पडला. मशीनचा आवाज टिपणारा कान उघडाच राहिला होता. ऐकलेल्या आवाजाच्या सगळ्यात जवळचं संग्रहात जे काही होतं, ते त्याने शोधून आणलं होतं.

पडद्यावर महापौर होल्गेर पिंकाय नगरसभेत उभे होते आणि मूठ छातीवर आपटून शहराला सांगत होते, की तुमच्यासाठी माझं काळीज तुटतं. गेल्या निवडणुकीचं भाषण होतं.

महापौरांचे वर गेलेले हात खाली आले.

"बिघडलंय ना रे हे?" महापौरांनी विचारलं.

"पार बिघडलंय, साहेब," वॉशो म्हणाला आणि मशीनचा कान बंद करून टाकला. "चला, पुन्हा एकदा. बेंबीपासून."